पहिला चौकोन

विणकाम शिकायचं ठरवलं की बहुतेक जण मफलर सुरू करतात. सरळ पट्टीच तर आहे, टाके वाढवायला नकोत की कमी करायला नकोत, असा त्यामागचा विचार. आता जरा आकडेमोड करून बघा. मध्यम जाडीच्या लोकरीचा, २० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलर दोन्ही बाजूंनी सुलट विणायचा, तर ४४ टाक्यांच्या जवळपास ६०० ओळी होतात. म्हणजे पंचवीस हजारांच्या वर टाके. नवखा हात मिनिटाला दहा-पंधरा टाके विणतो, म्हणजे तीस-चाळीस तासांचं काम. त्यात पहिल्या वीतभरात टाके करकचून आवळलेले, पुढच्या वीतभरात ढगळ, आणि हात बसतो तेव्हा कंटाळा आलेला असतो. सुया खुपसलेले अर्धवट मफलर घरोघरच्या कपाटांत सापडतात ते यामुळेच.

म्हणून पहिल्या आठवड्यात वापरण्याजोगं काही बनवायचंच नाही, असं आधी ठरवा. तळहाताएवढा चौकोन विणायचा, बघायचा, उसवायचा, पुन्हा विणायचा. वेगवेगळ्या विणींचे असे तीन चौकोन जमले की मग तान्ह्या बाळाची टोपी. आपल्याकडची थंडी ती केवढी! निफाडला किंवा विदर्भात कडाका पडतो तेवढे दिवस सोडले, तर हातविणीचा स्वेटर घालायला मिळतो कितीसा. आणि कोकणात, गोव्यात तर तेवढाही नाही. पण बाळाला टोपडं मात्र सगळीकडे लागतं, अगदी वैशाखातही आजीचा आग्रह असतो. महाराष्ट्रात हातविणकाम टिकून राहिलं त्यात बाळंतविड्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा पहिली पूर्ण वस्तू टोपीच असावी. ती लहान असते, लवकर संपते आणि तिला गिऱ्हाईक नक्की मिळतं.

आधी खरेदी. फार काही लागत नाही: मध्यम जाडीच्या लोकरीचे दोन गुंडे, ८ नंबरच्या सुयांची एक जोडी, स्वेटर शिवायची बोथट टोकाची जाड सुई, एक क्रोशाची सुई, कात्री आणि टेप. पुण्यात तुळशीबाग किंवा बोहरी आळी, मुंबईत दादर किंवा भुलेश्वर, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी लेस-बटणांचं दुकान, एवढ्यावर काम भागतं. सुरुवातीलाच पंधरा सुयांचा रंगीत संच ऑनलाइन मागवू नका. त्यातल्या बारा सुया वर्षभर पिशवीतून बाहेर येणार नाहीत.

सुयांच्या नंबरांत एक गोम आहे. आपल्या दुकानांत अजून जुनी ब्रिटिश पद्धत चालते. तीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १० नंबरची सव्वातीन, १२ नंबरची पावणेतीन. अमेरिकी पद्धत नेमकी याच्या उलट चालते आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. परदेशी नमुना वाचून नुसता नंबर सांगितलात तर भलतीच सुई हातात पडेल. म्हणून कायम मिलिमीटर लक्षात ठेवा. अॅल्युमिनिअमच्या सुया स्वस्त आणि टिकाऊ असतात, पण गुळगुळीत असल्यामुळे नवख्या हातातून टाके घरंगळतात. बांबूच्या मिळाल्या तर घ्या, त्यांवर टाका जागचा हलत नाही. लांबी दहा इंचांची पुरे. लांब सुया नुसत्या कोपराला आणि शेजारच्या माणसाला लागतात.

लोकरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवशिक्याचे अर्धे हाल चुकीच्या लोकरीने होतात. दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा मेंढीच्या अंगावरचं नसतंच. ते ॲक्रिलिक असतं आणि त्यातलं पुष्कळसं लुधियानाहून येतं. त्यात वाईट काही नाही. ते स्वस्त आहे, टोचत नाही, पाण्यात आटत नाही आणि त्याला कसर लागत नाही. शिकायला उत्तमच. शंका असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून पेटवून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी उरतो. हे एवढ्यासाठी सांगितलं, की आपले सरावाचे चौकोन पुढे गरम पातेलं धरायला वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ॲक्रिलिकचा चौकोन असेल तर तसं मुळीच करू नका, तो हाताला चिकटून भाजेल.

धनगरांच्या घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची. तिचा धागा राठ आणि टोचरा असतो. घोंगडीला तो गुण आहे, बाळाच्या टोपीला नाही. सुताचा धागा हवेला मानवतो, पण त्याला ताण नसतो, तो हाताला काही सवलत देत नाही आणि टाक्यांतला प्रत्येक चढउतार तो दाखवतो. सुताकडे दुसऱ्या-तिसऱ्या वस्तूनंतर वळा.

रंग फिका आणि एकच घ्या. पिस्ता, आकाशी, लिंबू, काहीही चालेल. काळा, गडद निळा आणि मरून नको, कारण त्यांत टाके दिसत नाहीत. पिसांसारखी किंवा केसाळ लोकर दुकानात फार गोड दिसते, पण एकदा विणली की उसवता येत नाही, आणि तुम्हाला तर उसवायचंच आहे. धाग्याला पीळ चांगला हवा. टोक बोटांत धरून उलटं फिरवा. लगेच चार पदर सुटे होत असतील तर विणताना सुई धाग्याच्या मधोमध शिरेल. दुकानदाराला सरळ ‘८ नंबरच्या सुईची लोकर द्या’ म्हणा. मोठ्या कामासाठी घेताना सगळ्या गुंड्यांच्या पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर एकच असल्याची खात्री करा. दुकानातल्या दिव्याखाली एकसारखे वाटणारे दोन गुलाबी उन्हात वेगळे निघतात.

आता सुया हातात घ्या. पहिली पायरी म्हणजे टाके घालणं. त्याच्या तऱ्हा अनेक. आपल्याकडे बऱ्याच बायका एका सुईवर, अंगठ्याभोवती दोरा घेऊन झपाझप टाके घालतात. ती तऱ्हा सुंदर आहे, पण तीत सुरुवातीला किती दोरा मोकळा सोडायचा याचा अंदाज लागतो आणि विणताना होणारी हालचाल निराळी असते. मी नवशिक्याला दोन सुयांनी टाके घालायला सांगते, कारण त्यात जी हालचाल करता तीच पुढे सुलट टाक्याची. एकच गोष्ट दोन ठिकाणी कामाला येते.

दोऱ्याच्या टोकापासून वीतभर अंतर सोडून सरकगाठ मारा आणि ती डाव्या हातातल्या सुईवर चढवा. हा पहिला टाका. उजव्या सुईचं टोक या टाक्यात पुढून मागे घाला, दोन्ही सुयांची फुली होईल. उजवी सुई डावीच्या मागे हवी. गुंड्याकडून येणारा दोरा उजव्या सुईच्या टोकाभोवती मागून पुढे गुंडाळा, म्हणजे तो दोन सुयांच्या मध्ये येईल. आता उजव्या सुईने तो दोरा टाक्यातून पुढे ओढून घ्या. एक नवा फास तयार झाला. तो डाव्या सुईवर चढवा. झाले दोन टाके. असे २४ घाला.

सुलट टाका विणताना हेच करायचं, फक्त शेवट वेगळा. सुई पुढून मागे घालायची, दोरा गुंडाळायचा, फास पुढे ओढायचा आणि या वेळी तो डाव्या सुईवर परत न देता उजवीवरच ठेवून जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. घाला, गुंडाळा, ओढा, सोडा. पहिल्या दिवशी हे चार शब्द तोंडाने म्हणत विणा. लाज वाटत असेल तर मनात म्हणा, पण म्हणा. ओळ संपली की डावी सुई रिकामी होते. सुयांची अदलाबदल करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दोरा कुठल्या हातात धरायचा यावर घराघरांत वाद आहेत. उजव्या हातात धरून तर्जनीने सुईवर टाकणारे आहेत आणि डाव्या तर्जनीवर ताणून सुईच्या टोकाने उचलून घेणारेही आहेत. दुसरी पद्धत थोडी वेगवान असते. तयार होणारं कापड दोन्ही पद्धतींनी सारखंच. क्रोशाचं काम येत असेल तर डाव्या हातात दोरा धरण्याची सवय आधीच असते, तेव्हा तीच ठेवा. कुठल्याही हातात धरला तरी तो करंगळीभोवती एक वेढा घेऊन, मधल्या बोटांखालून तर्जनीवर आला पाहिजे. ताण त्या वेढ्यातून मिळतो, दोरा मुठीत आवळून नव्हे. डावखुऱ्यांनीही माझ्या मते नेहमीच्याच पद्धतीने शिकावं. या कामात दोन्ही हात जवळपास सारखेच राबतात आणि छापील नमुने सगळे एकाच दिशेने लिहिलेले असतात. कोणाकडून शिकत असाल तर समोर न बसता शेजारी बसा, समोरून सगळं उलटं दिसतं. व्हिडिओवरून शिकत असाल तर एकच शिक्षिका धरून ठेवा आणि वेग निम्मा करा. चार जणींचे हात बघितलेत तर एकही हात स्वतःचा होणार नाही.

टाके घट्ट होणं ही सगळ्यांची पहिली तक्रार. दोरा ओढल्याने घट्ट होतात असं वाटतं. खरं कारण बहुधा हे असतं, की सगळं विणणं सुईच्या निमुळत्या टोकावर चाललेलं असतं. टोकापाशी सुईचा घेर कमी, म्हणून टाकाही लहान होतो आणि मग जाड भागावर सरकत नाही. नवा टाका सोडण्याआधी सुईच्या पूर्ण जाडीवर येऊ द्या. ढिलेपणाची काळजी सध्या करू नका, तो सरावाने आपोआप जातो. घाम येणाऱ्या हातांना ॲक्रिलिक चिकटतं. मे महिन्यात दुपारी शिकायला बसण्यापेक्षा सकाळी हात धुऊन, कोरडे करून बसा.

चार-सहा ओळी झाल्या की थांबा. या कामात सगळ्यात मोलाची गोष्ट आता करायची आहे आणि शिकवणारे नेमकी तीच वगळतात. विणलेलं कापड डोळ्यांजवळ धरून वाचायचं. सुईखालचा प्रत्येक टाका न्याहाळा. काही ठिकाणी दोरा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, तो सुलट टाका. काही ठिकाणी सुईच्या लगेच खाली दोऱ्याची आडवी गाठ दिसते, तो उलट टाका. आणि काम फिरवलंत की मघाचा व्ही आडवी गाठ होतो, आडवी गाठ व्ही होते. म्हणजे सुलट आणि उलट हे दोन वेगळे टाके नाहीतच. एकाच टाक्याचं तोंड आणि पाठ आहे. मोजे, मफलर, काश्मिरी वाटाव्यात अशा जाळ्या, दोरखंडासारखे पीळ, सगळं या एका टाक्याच्या दोन बाजूंतून निघतं. हे एकदा डोळ्यांना दिसलं की ओळी मोजत बसावं लागत नाही. फोन आला, कुकरची शिट्टी झाली, बाळ रडलं, तरी परत आल्यावर कापडच सांगतं की तुम्ही कुठे होतात.

सगळ्या ओळी सुलट विणत गेलात तर दोन्ही बाजूंना आडव्या वरंब्या उठतात. दोन ओळींची एक वरंबी. या विणीचा एक गमतीदार गुण असा, की जितके टाके तितक्या वरंब्या झाल्या की चौकोन पूर्ण होतो. २४ टाके असतील तर २४ वरंब्या. कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरकी घडी घाला, कडा जुळल्या की बस. अकराशे-बाराशे टाक्यांचं काम, दोन-तीन बैठकींत होतं.

या चौकोनात हमखास तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे टाके वाढतात. चोवीसचे सत्तावीस होतात आणि चौकोनाचा पंखा होतो. याचं मूळ ओळीच्या सुरुवातीला असतं. काम फिरवल्यावर दोरा सुईच्या पुढच्या बाजूला लोंबत असतो. तो सुईच्या वरून ओढून मागे नेला की पहिला टाका ताणला जाऊन त्याचे दोन्ही पाय वर येतात आणि ते दोन टाके आहेत असं वाटतं. दोरा सुईच्या टोकाखालून मागे न्या, रोग बरा होतो. मधेच वाढलेला टाका बहुधा पुढे राहिलेल्या दोऱ्याचा असतो. तो सुईवर आडवा पडलेला दिसतो आणि खाली त्याला बूड नसतं. पुढच्या ओळीत तो न विणता सरळ सोडून द्या.

दुसरी, टाके कमी होतात. एखादा टाका सुईवरून गळून खाली ओळी सोडत जातो. घाबरू नका, पण कापड ताणूही नका. गळलेल्या टाक्यात आधी एखादी सेफ्टीपिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग क्रोशाच्या सुईने वर सुटलेले आडवे दोरे एकेक करून त्या टाक्यातून ओढत वर या. एक सुलट ओळ, एक उलट ओळ अशा विणीत सुलट्या बाजूने हे सहज जमतं. दोन्ही बाजूंनी सुलट असलेल्या आपल्या पहिल्या चौकोनात मात्र एक दोरा पुढून, एक मागून घ्यावा लागतो. ते किचकट आहे. टाका फार खाली गेला असेल तर उसवा.

तिसरी गोष्ट साधी आहे, पण सगळ्यांना चकवते. ओळीच्या मधेच काम खाली ठेवलं आणि परत आल्यावर कुठली सुई कुठल्या हातात हे कळेना. गुंड्याचा दोरा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघतो ती उजव्या हातात घ्यायची. शक्यतो ओळ पुरी केल्याशिवाय उठूच नका.

उसवण्याची भीती ज्याची जाते तो विणकर होतो. एखाद-दोन टाके उसवायचे तर डावी सुई उजवीवरच्या टाक्याच्या खालच्या घरात घालून दोरा हळूच ओढायचा. बऱ्याच ओळी उसवायच्या तर सुया काढून दोरा ओढा, आणि शेवटची ओळ बाकी राहिली की बारीक, १२ नंबरच्या सुईवर टाके उचला. परत चढवताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा. डावा पुढे आला असेल तर टाका पिळतो. बिघडलं नाही, तो मागच्या पायातून विणला की सरळ होतो. काहींचे सगळेच टाके असे पिळलेले दिसतात. याचा अर्थ दोरा सुईभोवती उलट्या दिशेने गुंडाळला जातो आहे.

चौकोन झाला की टाके बंद करायचे. दोन टाके सुलट विणा, उजव्या सुईवरचा पहिला टाका दुसऱ्यावरून ओलांडून खाली सोडा. एक उरला. पुढचा एक विणा, पुन्हा मागचा त्यावरून ओलांडा. शेवटचा टाका उरला की दोरा कापून त्यातून ओढून घ्या. बंद करताना हात नेहमीपेक्षा सैल ठेवा, नाहीतर वरची कड आवळून चौकोनाचं बोचकं होतं. जमत नसेल तर त्या ओळीपुरती उजव्या हातात जाड सुई घ्या. बंद करण्यापुरती चालते.

दुसरा चौकोन उलट टाक्यासाठी. दोरा पुढे, म्हणजे आपल्याकडे घ्यायचा. उजवी सुई टाक्यात मागून पुढे, उजवीकडून डावीकडे घालायची, म्हणजे ती डावीच्या पुढे येईल. दोरा तिच्याभोवती वरून गुंडाळून फास मागे ढकलायचा आणि जुना टाका सोडायचा. सुलटपेक्षा हा जरा अवघडल्यासारखा वाटतो. त्याच्याशी सगळ्यांचंच थोडं वाकडं असतं आणि ते जुनं दिसतं. इजिप्तमध्ये सापडलेले शेकडो वर्षांपूर्वीचे सुती मोजे गोल विणलेले आहेत. गोल विणताना काम फिरवावंच लागत नाही, त्यामुळे नुसत्या सुलट टाक्यावर भागतं. १५६२ साली वारलेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलिओनोरा हिच्या थडग्यातल्या मोज्यांवर मात्र उलट टाक्यांची नक्षी आहे. उलट टाक्यांचे जे जुने नमुने माहीत आहेत त्यांत ते मोजे मोडतात.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी विणलीत की समोर सगळे व्ही आणि मागे सगळ्या गाठी येतात. दुकानातला टी-शर्ट उलटून बघा, यंत्राने केलेली हीच वीण आहे. हा चौकोन सपाट राहणार नाही. वरच्या-खालच्या कडा पुढे आणि बाजूच्या कडा मागे वळतील. यात तुमचं काहीच चुकलेलं नाही, या विणीचा तो स्वभावच आहे. म्हणून तर स्वेटरला बॉर्डर असते.

तिसरा चौकोन त्या बॉर्डरचाच. २४ टाक्यांवर दोन सुलट, दोन उलट असं ओळ संपेपर्यंत. चारच्या पटीत टाके असल्यामुळे प्रत्येक ओळ तशीच सुरू होते आणि तशीच संपते. दर दोन टाक्यांनी दोरा पुढे-मागे न्यायचा, तो सुयांच्या मधून. वरून नेलात की टाका वाढला. व्ही दिसला की सुलट, गाठ दिसली की उलट. वाचायला शिकला असाल तर इथे मोजावंच लागणार नाही. याच विणीत दुसऱ्या ओळीपासून व्हीवर उलट आणि गाठीवर सुलट विणलंत तर छोट्या दाण्यांची सपाट वीण होते. एकेक टाका आलटूनपालटून घेतला तर तिलाच कोणी साबुदाण्याची वीण म्हणतात. ती बाळाच्या दुपट्याला फार छान दिसते.

आता टोपी. त्याआधी दुसऱ्या चौकोनावर टेप ठेवा आणि मधल्या ५ सेंटिमीटरांतले टाके मोजून दुप्पट करा, म्हणजे १० सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते कळेल. कडा मोजू नका. ८ नंबरची सुई आणि तिला साजेशी लोकर असेल तर साधारण २२ यायला हवेत. २५ आले तर हात घट्ट आहे, ७ नंबरची सुई घ्या. १९-२० आले तर ९ नंबरची. टोपी मोठी-लहान होते ती या एका मोजमापाच्या आळसाने.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरांच्या आसपास असतो. वीण ताणते, म्हणून टोपी दोन सेंटिमीटर कमी धरायची. ३३ ला २.२ ने गुणलं की साधारण ७२ टाके येतात आणि तो आकडा चारच्या पटीतलाही आहे. ७२ टाके घाला. ४ सेंटिमीटर दोन सुलट, दोन उलट. नंतर एक ओळ सुलट, एक ओळ उलट, सुरुवातीपासून १२ सेंटिमीटर होईपर्यंत. आता सुलट ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणत जा, ३६ उरतील. एक ओळ उलट. पुन्हा दोन-दोन एकत्र, १८ उरतील. हात-दीड हात दोरा ठेवून कापा, तो बोथट सुईत ओवून अठराही टाक्यांतून काढा, सुई बाजूला करा आणि दोरा ओढा. शेंडा मिटेल. त्याच दोऱ्याने खालपर्यंत कडेला कड जोडून शिवत या. ५० ग्रॅमच्या गुंड्यात हे सहज बसतं. मधे गुंडा संपलाच तर नवा दोरा ओळीच्या सुरुवातीला जोडा आणि गाठ मारू नका. दोन्ही टोकं वीतभर मोकळी ठेवून शेवटी उलट्या बाजूने दोन-तीन इंच ओवून घ्या. गाठ बाळाच्या डोक्याला टोचते आणि धुता धुता सुटतेही.

हनुवटीखाली बांधायच्या लांब नाड्या आणि लोंबते गोंडे बाळाच्या टोपीला नकोत. ते गळ्याभोवती किंवा तोंडात जातात. मोठ्या जाळीची नक्षीही या वयाला टाळावी, बारीक बोटं तिच्यात अडकतात. देण्यापूर्वी टोपी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पंच्यात गुंडाळून दाबा आणि सपाट वाळत घाला. दोरीवर टांगली की लांबते. ॲक्रिलिकला इस्त्री लावायची नाही, वीण कायमची मरते. खऱ्या लोकरीची असेल तर गरम पाणी आणि चोळणं दोन्ही टाळा, नाहीतर तिचे तंतू एकमेकांत गुंतून टोपी आटेल.

वर्षाच्या मुलासाठी हाच हिशेब ४६ च्या घेराचा: चार सेंटिमीटर कमी करून ४२, गुणिले २.२, म्हणजे ९२ टाके आणि शेंडा मिटण्याआधीची उंची १६-१७ सेंटिमीटर. एकत्र विणताना शेवटी एक सुटा टाका उरला तर तो एकटा विणायचा. मोठ्या माणसाचं डोकं ५६ चं असेल तर ११२ टाके घाला, उंची २० पर्यंत न्या आणि दोन-दोन एकत्र विणण्याची ओळ दोनदा नव्हे तर तीनदा घ्या, म्हणजे शेंड्याला १४ टाके राहतील आणि तिथे बोंडासारखा फुगवटा येणार नाही.